बक्षीस मिळालेला बाक

सार्वजनिक न्हाणीघराच्या रांगेत माझ्यापुढे दोघी होत्या. त्यांतल्या म्हातारीच्या काखेत फ्रेम केलेला मोठा फोटो होता.

"मावशी, हे काय घेऊन फिरताय?" दुसरीनं विचारलं.

"बक्षीस आहे. आपल्यासारख्या बेघरांना त्या संस्थेनं कॅमेरे वाटले होते ना? म्हणाले, तुमचं जगणं तुम्हीच दाखवा."

"मग काय दाखवलंत?"

"बागेतला माझा बाक. सहा वर्षं झोपले त्याच्यावर. प्रदर्शनात अगदी दारासमोर टांगला होता."

"अरे वा! मोठ्या झालात की!"

"तर! बागेचे साहेब फोटोसमोर उभे राहून डोळे पुसत होते. नेमका कुठला बाक, तेही विचारून घेतलं."

"काळजीनं विचारलं असेल हो."

"काळजीच ती. तिसऱ्या दिवशी बाकावर लोखंडी दांडे ठोकले. आता बसायचं, आडवं व्हायचं नाही."

"अगंबाई! आणि ही फ्रेम?"

"काल त्यांच्याच हस्ते मिळाली. म्हणाले, घरी भिंतीवर लावा."

"भिंतीवर!"

"मी आपली मान डोलावली. एवढा मोठा माणूस, चारचौघांत कशाला तोंडघशी पाडायचा?"

"फेकून द्या मेली ती!"

"फेकू कशी? बिनदांड्याचा बाक आता एवढाच उरलाय."