काचेवरची धूळ

छातीच्या दवाखान्यात पुढच्या बाकावर खाणीतला एक कामगार आणि त्याची बायको औषधासाठी थांबले होते.

"फुप्फुसावरचा डाग वाढला नाही म्हणाले ना डॉक्टर?"

"नाही वाढला. दोनदा विचारलंस तू त्यांना."

"तिसऱ्यांदाही विचारीन. नमुने काढायला खाली उतरणं सुटलं, म्हणूनच ना?"

"म्हणूनच. खनिजाचा कस आता सरकत्या पट्ट्यावरचा कॅमेरा बघतो. मी ऑफिसात बसून पडद्यावर वाचतो."

"पहिल्या दिवशी तिथेही हेल्मेट घालून बसलात."

"सवय गं. सगळ्यांना सांगत नको फिरूस."

"मग खाणीतली धूळ आता कॅमेऱ्यावर बसत असेल?"

"बसते ना. काच रोज पुसतात, नाहीतर चांगलं खनिजही टाकाऊ दिसतं."

"मऊ फडक्याने पुसा म्हणावं. तुमच्या वाटची धूळ अंगावर घेतोय तो."