लाईट बंद केलीय

भूमच्या स्टँडवर हरणाबाई धाराशिवच्या गाडीची वाट बघत होती. लेक शिवराज तिथं आगीच्या बंबावर नोकरीला. त्याच्यासाठी धपाटी बांधून घेतलेली. शेजारच्या बाकावर, हाताला पट्टी बांधलेल्या एका जवान माणसाला एक म्हातारा विचारत होता.

"अल्ताफ, हात कशानं भाजला रं?"

"आग विझवायला गेलतो, चाचा. दुकानाच्या पत्र्यावर सोलर होतं, त्याचा करंट बसला."

"लाईट बंद केली न्हवती व्हय?"

"केलती की. मालक म्हणला, लायटीच्या डांबावरनंच तोडलीय, चढा बिनघोर."

"मग?"

"डांबावरची गेली. ऊन हाय तवर त्या प्लेटा करंट बनवत्यातच."

"मंग ती कवा बंद व्हती?"

"दिवस मावळल्यावर."

"आन् तवर आग थांबती व्हय?"



हरणाबाईनं बाहेर बघितलं. ऊन नुसतं रणरणत होतं. तिनं घाईघाईनं फोन लावला.

"शिवराज, कुठं हाईस रं?"

"आगीवर आलोय, आई. शिडी लावलीय, मागनं बोलतो."

"वर सोलर हाय का?"

"हाय की. तू भिऊ नगंस, लाईट बंद केलीय. ठेवतो."