घराचं बटण

नाही हो, कोणी नाही बसलेलं, ती पिशवी माझीच आहे, उचलतो — बसा. फोनवर मराठीत बोलत होतात म्हणून म्हटलं हाक मारावी. परभणीकडचे का? मला बोलण्याच्या चालीवरून वाटलंच. आम्ही खानदेशातले, शिंदखेड्याकडचे, राहायला इथंच सुरतेत, गोडादऱ्याला. तुमचंपण अपडेटचंच का? मग आरामात टेका, आज या भेस्तानच्या सर्व्हिस सेंटरला जो येतोय तो अपडेटचाच येतोय. त्या निळ्या शर्टवाल्याचा मागचा कॅमेरा काळा झालाय, मघाशी एक बाई ओरडून गेल्या, त्यांचा एसी भर मे महिन्यात गरम वारा फेकतो. तुमचं काय गेलं? — चार्जिंग पूर्ण होत नाही? मग बरं आहे तुमचं. नाही, म्हणजे बरं कसं म्हणू, गाडी तुमची, पैसे तुमचे, पण वायर बदलतील, काहीतरी करतील आणि होईल. माझं काय बिघडलंय ते यांना समजतच नाही. मी सांगतो, तो पोरगा कॉम्प्युटरवर बघतो आणि म्हणतो, काका, आ तो बराबर ज छे. बरोबरच आहे म्हणे. आता काय बोलायचं?

मी हजीऱ्याला असतो, कंपनीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला — म्हणजे मशीनचं मला अगदीच कळत नाही असं नाही. आणि तरी दाबलं बघा. रोज स्क्रीनवर यायचं, नवीन अपडेट आलंय, आता करू का नंतर करू — नंतर, नंतर करून कंटाळलो. वर यांच्याच माणसाचा फोन, की अपडेट केलं नाही तर बॅटरीच्या वॉरंटीला अडचण येईल. मग एकदा जेवणाच्या सुट्टीत पार्किंगमध्ये बसून दाबलं. म्हटलं, डबा खाईस्तोवर होईल. डबा झाला, सुट्टी संपली, पाळी सुटली, गाडी तशीच, गोल गोल फिरतंय स्क्रीनवर. दरवाजा उघडेना, लाइट बंद होईनात. कंपनीच्या बसनं घरी आलो, दुसऱ्या दिवशी टोईंगवाला बोलावला. वर्षा म्हणाली — वर्षा, आमची मिसेस — चांगली चालणारी गाडी तुम्हाला बघवत नव्हती का? बरोबर बोलली. इथं आणून त्यांनी ते पुरं केलं, गाडी धुऊन दिली, सगळं चालू. आणि घर गेलं.

घर म्हणजे — थांबा, नीट सांगतो. गाडीत घराचं एक बटण असतं ना, नकाशाच्या बाजूला, दाबलं की ती आतली बाई बोलते, घराकडे निघालो, इतके किलोमीटर, इतके तास. आमच्या गाडीत ते बटण गावाचं होतं. शिंदखेड्याच्या पुढे आमचं गाव, तिथलं. गाडी घेतली ती श्रावणात, कानबाईच्या सणाआधी, आणि आमच्याकडे कानबाईला जगात कुठंही असा, रोट खायला घरी जायचंच, भाऊबंद सगळे जमतात — तर नवी गाडी घेऊन गेलो, आबांच्या, माझ्या वडिलांच्या हातानं अंगणात पूजा केली, आणि तिथंच उभी असताना गाडीनं विचारलं, हे तुमचं घर आहे का? मी हो म्हटलं. आता हसू नका, पण मला त्यात काही चुकल्यासारखं वाटलंच नाही. आपण सुरतेत काय म्हणतो? रूम. रूमवर चाललो, रूमवर ये जेवायला. माझा फ्लॅट आहे हो गोडादऱ्याला, स्वतःचा, नावावर, वर गच्चीत तुळस आहे — तरी तोंडात रूमच. माझा जन्म इथला, शाळा इथली, आणि कोणी विचारलं घर कुठं, तर मी शिंदखेडा सांगतो. तुम्ही काय सांगता? — बघा. परभणीच ना?

तर या नव्या अपडेटला जास्त अक्कल आलीय. रात्री गाडी जिथं उभी राहते तेच घर, असं ती आपलं आपण ठरवते. मी गावाचं पुन्हा बसवलं, एक दिवस राहिलं, दुसऱ्या दिवशी परत गोडादरा. परत बसवलं, परत तेच. आणि गल्लीत वळलं, पार्किंगला गाडी लागली, की ती मोठ्यानं बोलते — तुम्ही घरी पोहोचला आहात. आवाज बंद केला तर पार्किंग आलं की पुन्हा आपोआप चालू. हेच माझं दुखणं, भाऊ. ते वाक्य. ते एक वाक्य काढा म्हणून मी आलोय, आणि ते म्हणतात बरोबरच आहे.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीला सुट्टी टाकून आलाय हा माणूस. वेडा आहे. — नाही, म्हणालात तरी चालेल, वर्षाचा भाऊपण म्हणाला. त्या काचेतून बघा, झाडाखाली आमची पांढरी गाडी, पुढच्या सीटवर टोपीवाले म्हातारे बसलेत ना? ते आबा. माझे वडील, सुपडू नाव त्यांचं. झोपलेत आता. सगळं आयुष्य लूमच्या कारखान्यात गेलं त्यांचं, त्या खडखडाटात कान गेले, माणसाचं बोलणं त्यांना जवळजवळ ऐकूच येत नाही, आपण ओरडायचं आणि त्यांनी ओठ बघायचे. पण गाडीतली बाई ऐकू येते. चारी बाजूंनी आवाज येतो ना, त्यामुळं. तिच्यावर फार विश्वास त्यांचा. ती डावीकडे म्हणाली की हे मान हलवतात.

माय गेली — अनुसया, माझी आई — तिला आता दोन वर्षं होतील. इथंच गेली, रूमवर. आबांनीच अग्नी दिला, दहावा, तेरावा सगळं उभं राहून केलं, तेव्हा चांगले होते. मग हळूहळू विसरायला लागले. आधी माणसांची नावं, मग संडास कुठल्या बाजूला ते, मग मी. मला ते ड्रायव्हर समजतात. संध्याकाळ झाली की टोपी घालतात, पिशवी घेतात आणि मला म्हणतात, चाल भाऊ, घर जानं शे, अनुसया वाट देखी ऱ्हायनी व्हई. घरी जायचंय, ती वाट बघत असेल म्हणे. माय मधली बरीच वर्षं गावी राहिली, तेव्हा गावी जाताना ते दरवेळी तिच्यासाठी नानखटाईचा पुडा न्यायचे, तो अजून नेतात. हीच ती पिशवी, तुम्ही हात लावून बघा, पुडा आहे आत. आज वर्षानं सकाळीच भरून दिली, म्हटली, इथं उशीर झाला तर मागतील.

पहिल्यांदा आम्ही समजावलं. आबा, माय नाही आता. ऐकल्यावर माणूस कसा बसतो माहीत आहे? भिंतीला हात लावत लावत खाली बसले. दुसऱ्या दिवशी विसरले आणि पुन्हा टोपी घातली. मग एकदा मला सुचलं, म्हटलं चला, आणि गाडीत बसवून घराचं बटण दाबलं. बाई बोलली, घराकडे निघालो. काय सांगू तुम्हाला, त्यांचा चेहराच मोकळा झाला. पर्वत पाटिया ओलांडलं, हायवेला लागलो, हे खिडकीतून बघतायत, कडोदरा येईपर्यंत डोळा लागला. मी आवाज बारीक केला, गाडी वळवली, ती बाई म्हणत राहिली मागे वळा, मागे वळा, मी म्हटलं, बाई, गप बस — आणि झोपेतच त्यांना वर आणलं, लिफ्टमध्ये माझ्या खांद्यावर डोकं. सकाळी काही आठवत नाही. झालं, तेव्हापासून रोज. हजीऱ्याहून आलो की चहा, आणि कडोदरा. मित्र म्हणायचे, ललित, तुझ्या गाडीला एवढं रनिंग कसं?

— खरंच गावी का नेत नाही? नेलं ना. दिवाळीत नेलं. बरोबर विचारलंत, मलाही तसंच वाटलं होतं, की एकदा अंगण बघतील, शांत होतील. सगळ्या वाटेत खूश होते. नवापूरला भजी खाल्ली. घरासमोर उतरले, कडी वाजवली, आत गेले, चुलीपाशी बघितलं, मागं गोठ्यात बघितलं, आणि पुडा हातात धरून मला विचारलं, कोठे गई ती? तिथं भाऊबंद सगळे उभे. मला सांगावं लागलं. मग मी त्यांना परत कधी नेलं नाही. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की त्यांना पोहोचवायचं नाही. निघायचं रोज, पोहोचायचं नाही. जोवर पोहोचत नाही तोवर माय तिथं बसलीय, चूल पेटलीय, वाट बघतेय. तसं म्हणाल तर मलाही ते बरं वाटायचं. मीपण अर्धा रस्ता ते खरंच धरून चालायचो. कडोदऱ्याला गाडी वळवताना मला रोज जिवावर यायचं, हे मी वर्षालासुद्धा बोललेलो नाही.

आणि आता ही बाई त्यांना रोज पोहोचवते. गावाचं नाव हातानं टाकून निघतो, परतताना ते झोपलेले असतात, पार्किंगला गाडी लागते, तुम्ही घरी पोहोचला आहात — खाडकन जागे. टोपी नीट करतात, उतरतात. हाई कोनं घर शे, म्हणतात, पण मग स्वतःच म्हणतात, ती बाई सांगतेय म्हणजे आपलंच असेल, बांधलं असेल नव्यानं. आणि तिला हाक मारतात. पार्किंगमध्ये, त्या स्कूटरींच्या मध्ये उभं राहून, अनुसया, अगं अनुसया. लोक गॅलरीतून बघतात. सगळा जिना हाका मारत चढतात, प्रत्येक खोलीत बघतात, आणि मग माझ्याकडे वळतात. रोज, भाऊ. माझी आई रोज संध्याकाळी मरते आमच्याकडे. खोटं सांगून बघितलं, बाजारात गेलीय, बहिणीकडे गेलीय — मग दारात बसून राहतात, जेवत नाहीत, झोपत नाहीत. शेवटी सांगावंच लागतं.

मोबाईलचा नकाशा? लावला ना. ऐकूच येत नाही त्यांना. शेजाऱ्याची गाडी आणली, तर त्यात बसेचनात, म्हणे आपली बाई कुठं? गाडी बाहेर रस्त्यावर लावून बघितली, तर एवढ्या अंतराला ती घरच म्हणते. इथं त्या पोराला म्हटलं, बाबा, जुनं परत टाक, मला ते नवीन काही नको. तो म्हणतो जुनं आता कंपनीकडेच नाही, पुढच्या अपडेटमध्ये थई जशे, होऊन जाईल म्हणे. वाईट नाही तो, चहा आणून दिला मला. पण त्याला मी काय सांगणार? त्याच्या कॉम्प्युटरवर आमचं घर बरोबर दिसतंय.

काल तर — जाऊ द्या, तुमचं मन कशाला खराब करू. नाही, सांगतो. काल सांगितल्यावर ते रडले नाहीत. पलंगावर बसले, बराच वेळ हात चोळत राहिले. मग पिशवीतून पुडा काढला आणि माझ्या हातात दिला, म्हणाले, घे, तुझ्या घरी पोरं असतील. मी घेतला. काय करणार, ड्रायव्हरच आहे मी. आणि मग मला जवळ बोलावलं, हळू बोलायचं म्हणून — त्यांचं हळू म्हणजे शेजारपर्यंत जातं — आणि म्हणाले, भाऊ, मना आंडोरले सांगू नको. ललित थकीसन येई. त्याले जेवू दे, मंग मी सांगसू.

माझ्या पोराला सांगू नको म्हणाले. थकून येईल, आधी जेवू दे त्याला. मग मी सांगेन.

मी म्हटलं, बरं काका. नाही सांगत.

— तुमचं नाव घेतायत बघा, काउंटरवर. जा, जा तुम्ही, गाडी झाली असेल तुमची. नाही, मी बसतो. आबा उठले की निघू.