शनिवारचा खरवस

भामाबाई : किटलीला हात लावू नगंस मल्हार. आधीच सांगती.

मल्हार : आई, आगं पुण्यास्नं गाडी हाणत आलोय. वाटंत शिरवळला थांबून बरफ घेतला, पेटी भरली. आन आता हात लावू नगं म्हणतीस?

भामाबाई : खायला घे की. वाटी काय, तांब्याभर घे. पोटच्या लेकाला मी न्हाई म्हणंन व्हय? पर हाटेलात न्यायचा न्हाई. चीक इकत न्हाईत आपल्यात.

मल्हार : काल फोनवर तूच म्हणालीस न्हवं? म्हस याली, चीक लय निघालाय, ये म्हणून.

भामाबाई : खायला ये म्हणलं हुतं.

जोतीराम : आगं, पोरगं आत्ता आलंय, जरा टेकू तर दे त्याला. मल्हार, सप्त्यात बुवांनी परवा काय झ्याक दृष्टान्त दिला म्हणतोस! एक गवळण हुती…

मल्हार : आबा, कीर्तन मागनं. शनिवारी चाळीस माणसं येणार हायती, आन माझ्याकडं शेवटचा पदार्थच न्हाई.

जोतीराम : चाळीस? लगीन हाय व्हय कुणाचं?

मल्हार : लगीन न्हवं. हाटेलात थंडीचा खास बेत लावलाय. नऊ पदार्थ, एकेक घास. आचाऱ्यानं, म्हंजी मी, टेबलापाशी जाऊन एकेकाची गोष्ट सांगायची. आधी बुकिंग केलं तर जोडीला सवलत.

जोतीराम : एकेक घास? आन मग जेवाण कवा?

मल्हार : तेच जेवाण.

जोतीराम : विठ्ठल विठ्ठल! घरनं खाऊन येत असतील बिचारी.

मल्हार : थट्टा करू नका आबा. मालकांनी पहिल्यांदा अख्खा बेत माझ्या हातात दिलाय. सात वर्सं दुसऱ्यांच्या हाताखाली कांदं चिरलं. हे जमलं तर दर हंगामाला माझा बेत. न्हाई जमलं तर परत कांदं.

भामाबाई : मग ने की काय न्यायचं ते. हुलगं ने, बाजरी ने. ठेचा कुटून देती.

मल्हार : हुलग्याचं माडगं हाय, बाजरी हाय, समदं हाय. पर लोकांनी बुकिंग केलंय ते खरवसापायी.

भामाबाई : पुण्यात दुकानात मिळतोय म्हणं. तो घे.

मल्हार : आन गोष्ट कुठली सांगू, दुकानाची? आमच्या घरच्या म्हशीचा म्हणून सांगून बसलोय मी. आन तू रोज दोन टायमाला डेअरीला दूध घालतीस, ते इकणं न्हवं व्हय?

भामाबाई : ते दूध. ह्यो चीक. हा रेडकाचा. त्याच्या तोंडचा उरंल तो आधी बिरोबाला, मग आळीत वाटायचा. सकाळी शेजारच्या हौसाकडं दिला, तिनं भांडं न धुता गूळ घालून माघारी धाडलं. तुझ्या चाळिसातलं कोण गूळ घालून धाडणार हाय?

मल्हार : भांडं धुतलं म्हणून म्हस आटत न्हाई आई. चारा कमी पडला की आटती.

भामाबाई : शिकीव, मला शिकीव. जल्म गेला म्हशीखाली.

जोतीराम : ऐका माझं दोघं बी. बुवा म्हणत्यात, देणाऱ्यानं हात उघडा ठेवावा, मोजू नये. आठ घासाचं पैसं घे मल्हार. नववा वाटला म्हण. वाटल्याला तर काय हरकत न्हाई न्हवं गं?

भामाबाई : वाटला तर… चालंल. पर समद्यांस्नी. आत भांडी घासणाऱ्यांस्नी बी.

मल्हार : एवढंच ना? थांब, मालकांस्नीच इचारतो.

(मल्हार फोन लावतो. पलीकडचं बोलणं ऐकू येत नाही.)

मल्हार : सर, मल्हार बोलतोय. हो, गावी पोचलो… मिळालाय, पण एक अडचण आहे. खरवसाचे पैसे लावता येणार नाहीत… आईचं म्हणणं आहे सर. आमच्यात चीक विकत नाहीत, वाटतात… हो, फुकटच… चालेल? खरंच?… काय?… नाही सर, तसं नव्हतं म्हणायचं… अहो, पण मग दोघंच आले तर… बरं. बघतो. करतो परत फोन.

जोतीराम : मानलं न्हवं? भला माणूस दिसतोय.

मल्हार : मानलं. लय खुशीनं मानलं.

भामाबाई : मग तोंड का पाडलंस?

मल्हार : आजच जाहिरात टाकतो म्हणाले. चौघांचं टेबल घ्या, आईच्या हातचा खरवस मोफत. दोघंच आलं तर न्हाई मिळायचा.

जोतीराम : आरं तिच्या मायला… विठ्ठल विठ्ठल.

भामाबाई : म्हंजी फुकटाचं दावून गिऱ्हाईक वढायचं. ते इकणंच की रं! आन दोघं आल्याली काय दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत बसणार?

मल्हार : मी काय करू मग? तिकडं तुझं सांगावं तर हसत्यात, हितं तिकडचं सांगावं तर तू चिडतीस. दोन्हीकडनं भरडायचं मीच.

भामाबाई : चिडंन न्हाई तर काय करंन? बिरोबाच्या जत्रंला सुट्टी न्हाई म्हणलास. दिवाळीला गर्दी हाय म्हणलास. चिकाला बरी सुट्टी घावली.

मल्हार : सुट्टी न्हाई ही. मी आज बी कामावरच हाय.

जोतीराम : आगं, आलं न्हवं लेकरू? आसं बोलू नगं.

भामाबाई : पेटी घिऊन आलं.

मल्हार : ऱ्हाऊ दे. आठच करतो. सांगतो मालकांस्नी, चीक नासला म्हणून.

जोतीराम : खोटं कशापायी? आई दीना म्हणून सांग.

भामाबाई : आन मग परत तुला कांदं?

मल्हार : बघू. आठ झ्याक झालं तर ऱ्हाईल बेत. न्हाई तर चिरीन कांदं, हाताला सवय हाय. बेताचं कार्ड तेवढं बदलाय लागंल. तुझं नाव काढाय लागंल त्यातनं.

भामाबाई : माझं नाव? कशातनं?

मल्हार : आगं, पदार्थाचं नावच ते हाय. हे बघ मोबाईलवर.

जोतीराम : आण हिकडं. चष्मा कुठं ठेवला मी… हां. भामाबाईंचा खरवस. आगं, मोठ्या अक्षरात हाय गं! 'बाईंचा' म्हणलंय, 'बाईचा' न्हाई.

भामाबाई : कुठंशी? ह्यो 'भा' व्हय?

मल्हार : व्हय. मालकांचं नाव बी एवढं मोठं न्हाई त्यात.

भामाबाई : आन ते चाळीस जण वाचणार हुतं हे?

मल्हार : वाचलंय बी. त्याच्यावरच तर बुकिंग केलंय.

भामाबाई : जरा धर तसाच. हलवू नगंस… लय झ्याक दिसतंय रं.

मल्हार : मग काय करू आई?

भामाबाई : काय करायचं? काढ त्यातनं माझं नाव.