जांभळाखाली बंद पडणारा टेप

अंजली : गाडीत नवा टेप बसवते की काका, स्क्रीनवाला आहे, मस्त आहे. पण आधी जुन्याला काय झालंय ते तरी बघू द्या. बंद पडतो म्हणजे नेमकं काय होतं?

भिमाजी : बंद पडतो म्हणजे बंद पडतो. बाई गात असती, गाता गाता गप होती.

अंजली : लाइट जातो का त्याचा?

भिमाजी : नाय. उलट जास्तच उजेड. निळा दिवा लागतो अन् काचेवर अक्षरं पळत्यात.

अंजली : काय अक्षरं?

भिमाजी : इंग्रजी. मराठी असती तर वाचली असती. आता येतं मला वाचायला. राज पहिलीत होता तवा त्याच्या शेजारी बसून त्याच्याच पुस्तकातनं शिकलो. तो पुढं इंग्रजीत गेला, मी मराठीतच राहिलो.

अंजली : राज, तुमचा मुलगा. तोच आला होता ना हा टेप बसवायला? तेव्हा दुकानात बाबा बसायचे. मला आठवतंय, फुलांचे क्रेट खाली उतरवून मागचे स्पीकर स्वतःच बसवत होता. बाबांना हात लावू देईना. कुठे असतो आता?

भिमाजी : पुण्याकडं. कंपनीत. तू टेपचं बघ.

अंजली : बघतेय. फ्यूज चांगला आहे. अर्थिंगही ठीक. मागचा उजवा स्पीकर मात्र फाटलाय काका, पार चिंधी झालीय.

भिमाजी : तो कवाच गेला. झेंडूचे क्रेट कोंबतो ना मागं, त्यानं फाटला. त्याची तक्रार नाय माझी.

अंजली : पेन ड्राइव्ह लावून बघू. हे बघा, वाजतंय की चांगलं!

भिमाजी : इथं वाजणारच. माणूस डॉक्टरपुढं जाऊन बसलं की त्याचा खोकला थांबतो, तसलंच हे.

अंजली : फुलबाजारात बंद पडतो का?

भिमाजी : नाय.

अंजली : रस्त्यात? खड्ड्याबिड्ड्यात?

भिमाजी : खड्ड्यानं बंद पडायचा असता तर मखमलाबादच्या पुढं कधी वाजलाच नसता. नाय, फक्त घरी. जांभळाखाली गाडी लावली की.

अंजली : घरी पोचल्यावर टेप कशाला लागतो पण?

भिमाजी : बसतो जरा.

अंजली : गाडीत?

भिमाजी : हां. दोन गाणी ऐकतो, मग आत जातो.

अंजली : घर समोर असताना?

भिमाजी : घरात आवाज नसतो, पोरी. नवसा बोलत नाय. म्हणजे बोलती. ‘जेवा’ म्हणती, ‘लाइट आली, मोटार चालू करा’ म्हणती. कामाचं सगळं बोलती. बिनकामाचं बोलायची, ते थांबलं. मग मी आपला गाडीत बसतो. कोणीतरी काहीतरी म्हणत असतं, तेवढंच.

अंजली : किती दिवस झाले?

भिमाजी : टेप बिघडून?

अंजली : नाही, काकू गप्प होऊन.

भिमाजी : दोन दसरे झाले. तू टेपचं बघ गं.

अंजली : बरं. चहा सांगू का? की जेवायची वेळ झाली तुमची?

भिमाजी : डबा हाय. पण त्यात शेंगोळ्या हायत.

अंजली : कुळथाच्या? लसूण घालून? अहो मग ‘पण’ काय त्यात! आमच्याकडे कोणाला वेळ नाही वळत बसायला.

भिमाजी : तूच खा. मला जन्मात आवडल्या नाय.

अंजली : काकूंना आवडत असतील.

भिमाजी : तिला पित्त होतं त्यानं.

अंजली : मग करतात कशाला?

भिमाजी : तेच इचारलं मी. म्हणली, पीठ पडून होतं. आता महिन्या-दोन महिन्यानं नेमकं कुळथाचंच पीठ कसं पडून राहतं, देव जाणे.

अंजली : आणि वर तुम्हालाच डबा!

भिमाजी : आज तर हट्टानं दिला. म्हणली, बाजार झाला की परस्पर टेपवालीकडं जा, किती दिवस टेप टेप करताय. डबा जवळ ठेवा, घाई करू नका, संध्याकाळ झाली तरी चालंल. एका दमात एवढं सगळं बोलली. लय दिवसांनी. मला बरं वाटलं ऐकून. म्हणून तर आलो आज, नायतर शनिवारी ह्या द्वारका चौकातल्या गर्दीत कोण येतंय.

अंजली : थांबा हं काका. ही ब्लूटूथची यादी बघू द्या. तुमचा फोन कधी जोडला होता का ह्याला?

भिमाजी : माझा बटनाचा फोन. तो कशाला जोडला जातोय!

अंजली : ह्याच्यात एकच फोन आहे. ही अक्षरं बघा बरं. काचेवर हीच पळतात का?

भिमाजी : दाखव. हां, हीच! पहिल्या अक्षराला पोट हाय अन् शेवटचं आकडीसारखं वाकडं. हीच बघ. काय लिव्हलंय?

अंजली : राज.

भिमाजी : हं. त्यानंच बसवला ना टेप. त्याचं नाव राहिलं असंल आत. पुसून टाक.

अंजली : पुसता येईल. पण नुसतं नाव राहिलं म्हणून गाणं थांबत नाही, काका.

भिमाजी : मग कशानं थांबतं?

अंजली : सांगण्यापेक्षा करून दाखवते. माझा फोन जोडते ह्याला. झालं. पेन ड्राइव्हचं गाणं पुन्हा लावून देते, आता तुम्ही आत बसा आणि ऐका. काय होईल ते मोठ्याने सांगा मला.

(अंजली फोन हातात घेऊन रस्ता ओलांडते, पलीकडच्या फळांच्या गाड्यांपर्यंत जाते आणि तशीच चालत परत येते.)

भिमाजी : बंद पडला! अंजली, बंद पडला बघ! तस्साच! निळा दिवा लागला, अक्षरं पळायलीत!

अंजली : ती आता माझ्या नावाची आहेत. बसून राहा, मी पुन्हा लांब जाते. आता? आता काय?

भिमाजी : लागलं! लागलं गाणं! काय केलंस तू?

अंजली : काही नाही, नुसती चालले. तुमचा टेप बिघडलेला नाही, काका. ओळखीचा फोन जवळ आला की हा आपलं गाणं थांबवतो. आता ह्या फोनमधलं वाजवायचं म्हणून वाट बघत बसतो. तो फोन लांब गेला की पुन्हा आपलं आपलं सुरू.

भिमाजी : जवळ म्हणजे? पुण्याहून चालतं का हे?

अंजली : नाही हो. इथून त्या चहाच्या टपरीपर्यंत, फार तर. मध्ये भिंत असली तर तेवढंही नाही.

भिमाजी : टपरीपर्यंत.

अंजली : तुम्ही गाडी लावता त्या जांभळाजवळ काय आहे?

भिमाजी : भिंत हाय.

अंजली : कसली?

भिमाजी : आमच्या स्वयंपाकघराची.

अंजली : हे बघा, लगेच काही मनात आणू नका. फोन विकलाही असेल त्याने. शेजारीपाजारी कोणी घेतला असेल.

भिमाजी : शेजारी दत्तू. मधी ओढा हाय अन् त्याचं अख्खं शेत.

अंजली : मग जाताना घरीच टाकून गेला असेल जुना फोन. पडला असेल कुठल्या पेटीत.

भिमाजी : पेटीतल्या फोनला चार्जिंग कोण करतंय, पोरी? अन् पेटीतला असता तर रोज बंद पडला असता टेप. रोज नाय पडत. महिन्या-दोन महिन्यानं एखाद्या दिवशी. मी थापट मारतो टेपला, पेन ड्राइव्ह काढतो, फुंकतो, पुन्हा घालतो. काय नाय होत. तसाच बसून राहतो. मग आपोआप गाणं लागतं.

अंजली : आणि मग?

भिमाजी : मग नवसा बाहेर येती. पदराला हात पुसत. एरवी आतनंच हाक मारती, त्या दिवशी गाडीपर्यंत येती अन् म्हणती, चला, वाढलंय. मला वाटायचं, गाणं सुरू झालेलं ऐकून येती. जशी काय त्याचीच वाट बघत होती.

अंजली : घराला मागे दार आहे?

भिमाजी : हाय. शेवंतीच्या रानात निघतं.

अंजली : आणि त्या दिवशी जेवायला काय असतं, काका?

भिमाजी : शेंगोळ्या.

अंजली : राजला आवडतात?

भिमाजी : भांडं खरवडून खायचा. खरवडल्याचा आवाज गोठ्यापर्यंत यायचा. मी म्हणायचो, अरे, तळ ठेव भांड्याला.

अंजली : काका, आज डब्यात शेंगोळ्या आहेत.

भिमाजी : हायत.

अंजली : आणि काकू म्हणाल्यात, संध्याकाळ झाली तरी चालेल.

भिमाजी : कळलं गं मला. सावकाश कळतं, पण कळतं.

अंजली : मग बसलात काय? निघा ना! आत्ता निघालात तर जेवणापर्यंत पोचाल. टेपचं राहू द्या, पुन्हा कधी पण या.

भिमाजी : नको.

अंजली : नको काय? दोन वर्षं तोंड नाही बघितलं ना मुलाचं?

भिमाजी : नाय बघितलं.

अंजली : एवढं झालं तरी काय होतं?

भिमाजी : दसऱ्याच्या आदल्या दिवशी व्हॅन भरून त्याच्या ताब्यात दिली. मी पहाटेच बाजारात जाऊन जागा धरून बसलो. गिऱ्हाईक तुटून पडलेलं, शेजारच्यांचा माल हातोहात चाललेला, अन् मी रिकामं पोतं अंथरून बसलेला. ‘भिमाजी, फुलं कुठं?’ जो तो इचारतोय. हा आलाच नाय. भरली गाडी घेऊन कंपनीत मुलाखतीला गेला होता. संध्याकाळी आला. काचा बंद, दिवसभराचं ऊन, सगळा झेंडू आत शिजला.

अंजली : अरे देवा.

भिमाजी : त्या दिवशी काय नाय बोललो. दुसऱ्या दिवशी दसरा. नवसानं ताटं वाढली. तो जेवायला बसला अन् म्हणाला, नोकरी लागली. तवा बोललो. म्हणलं, गाडीची किल्ली ठेव अन् जा. त्यानं घास खाली ठेवला, किल्ली ताटाशेजारी ठेवली, उठला. नवसा फाटकापर्यंत गेली त्याच्या मागं, ताट हातात घेऊन.

अंजली : आणि तुम्ही?

भिमाजी : मी जेवलो. भूक लागली होती.

अंजली : काका, मग आता तरी जा ना.

भिमाजी : आता मी गेलो, की जांभळाखाली गाडीचा आवाज येणार. तो मागच्या दारानं शेवंतीत. हातातला घास हातात. एकाच माणसाला किती वेळा ताटावरनं उठवायचं?

अंजली : पण मग असंच चालू ठेवायचं? तुम्ही बाहेर गाडीत, ते आत?

भिमाजी : तो डबा दे इकडं.

अंजली : घ्या. तुम्हाला आवडत नाहीत ना?

भिमाजी : नाय आवडत. पण तो खात असंल आत्ता. हं. लसूण जास्त टाकलाय. त्याला लागतो जास्त.

अंजली : हळूहळू खा. पाणी घ्या. हा नवा टेप खोक्यात ठेवून देऊ का मग?

भिमाजी : नवा टेप त्याचा फोन वळखंल?

अंजली : नाही. नव्याला कोणीच ओळखीचं नसतं.

भिमाजी : मग नको. जुनाच राहू दे. अन् ते नाव पुसू नको.

अंजली : नाही पुसत. माझं मात्र काढते, नाहीतर पुढच्या वेळी तुम्ही दुकानात आलात की गप्प व्हायचा.

भिमाजी : फाटलेला स्पीकर तेवढा बदल. चांगला टाक. मला कसला बी चालतो, मला काय त्यातलं कळत नाय. पण त्याला फाटका आवाज खपायचा नाय.

अंजली : आत्ता बदलते. पुढे लोखंडी जाळी पण लावते, म्हणजे क्रेट लागायचा नाही.

भिमाजी : अन् घरी फोन लावून दे. आकडे बारीक दिसत्यात. नवसा म्हणून असंल बघ.

अंजली : घ्या. रिंग जातेय.

भिमाजी : हां, नवसा. मी बोलतोय. दुकानातच हाय... नाय, कुठलं झालं. लय वेळ लागंल. ही पोरगी लय सावकाश काम करती.

अंजली : मी?

भिमाजी : गप. तुला नाय गं, हिला म्हणलं... जेवलो. त्याच खाल्ल्या. चांगल्या झाल्यात... खरंच चांगल्या झाल्यात, खोटं कशाला बोलू. ऐक नवसा. पुढं ज्या शनिवारी शेंगोळ्या करशील ना, त्या दिवशी मी दत्तूच्या टेम्पोतनं बाजाराला जाईन. व्हॅन घरीच राहील, जांभळाखाली... कशाला म्हणजे? उभी राहून बॅटरी उतरती म्हणं. कोणी एखादी चक्कर मारून आणली तर बरं. टेप चांगला झालाय आता, मागचा स्पीकर पण नवा टाकतोय. अन् किल्ली आत खिळ्याला अडकवून ठेवतो. हाताला येईल अशी... नवसा? ऐकतीस ना?

अंजली : काय म्हणाल्या?

भिमाजी : काय नाय.

अंजली : ठेवला का फोन?

भिमाजी : नाय. हळू बोल, पोरी. कोणीतरी भांडं खरवडतंय.