सरकार पितळ घेनार

गुरुजी, मी शेवगावकडचा, सखाराम माझं नाव. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या गावकीचं काम, दवंडी द्यायची, सांगावा न्यायचा, साहेब आला की त्याच्या घोड्यापुढं पळायचं. लिहिनंवाचनं आमच्या वाट्याला आलं न्हाई, पन आवाज देवानं दिला. बाप म्हनायचा, सख्या, दवंडी म्हंजे दुसऱ्याचं तोंड, त्यात आपली जीभ घालायची न्हाई. तेवढंच शिकवलं बापानं, अन तेवढंच माझ्याच्यानं पाळवलं न्हाई.

लढाईचे दिवस हुते. नगरच्या क्यांपातनं लष्कराच्या मोटारी जायच्या, त्यांचा धुरळा बसायच्या आत कुनीतरी नवी आवई उठवायचा. आदल्या सुगीला सरकारनं सक्तीच्या लेव्हीची ज्वारी नेलेली, कनगी खरवडून नेलेली, तवापासनं सरकार म्हटलं की बाया दारं लावून घ्यायच्या. अशात तलाठ्यानं मला चावडीवर बोलावलं. म्हनला, सखाराम, काडतुसं करायला सरकार पितळेची मोड विकत घेनार हाय, फुटकंतुटकं ज्याला द्यायचं त्यानं बाजारच्या दिवशी शेवगावला आनावं, जा, दवंडी दे. मी म्हटलं, व्हय जी.

आता काय सांगू तुमाला, हलगीला ठेका असतो, त्यात शब्द बसवावा लागतो. ऐका हो ऐका, काडतुसं करायला, सरकार पितळ घेनार हो! बसलं बगा झ्याक. विकत काय ठेक्यात बसंना, गाळला. मला वाटलं, काय बिघडतं? आपन बाजारातनं आलो की बैल घेतला म्हनतो, लुगडं घेतलं म्हनतो, विकत कोन म्हनतं? पन तुमीआमी घेतो ते येगळं अन सरकार घेतं ते येगळं, हे त्या येळी माझ्या डोक्यात आलं न्हाई.

गाव हाललं. कुनी हंडे आडात सोडले, कुनी परात कडब्याच्या गंजीत घातली. एका म्हातारीनं घंगाळ उकिरड्यात पुरलं, तर सून म्हनती, आत्याबाई, तुमच्या ल्योकालाबी पुरा की संगट, भरतीवाले त्यालाबी न्यायचेत. मीबी हासलो. हासलो, गुरुजी, आन मग ध्यानात आलं की हे माझ्यामुळं चाललंय. तरी बोललो न्हाई. तलाठी चाबकानं फोडील, गावकीचं काम जाईल, हे भ्या पोटात. म्हटलं, बाजार झाला की आपोआप कळंल.

पन पारावर कुनीतरी इचारलं, कुनाच्या घरात किती पितळ, ते सरकारला कसं ठाऊक? सरकारला काईच ठाऊक नव्हतं. पन सवाल निघाला की जबाब लागतोच. दुसरा म्हनला, भांड्याभांड्यावर नाव कोन घालतं? गनपा तांबट. अन गावाची मोड गोळा करून नगरला कोन नेतं? गनपा तांबट. झालं! गनपानंच सरकारला यादी दिली, असं ठरलं.

गनपा लई गरीब सोभावाचा. माझ्या बायकोच्या हंड्याला डाग द्यायचा तर तिला म्हनायचा, वयनी, पैसं राहू द्या, सख्याला म्हनावं माझ्या पोरीच्या लग्नात फुकट हलगी वाजीव. भर दुपारी मानसं त्याच्या दुकानात घुसली, त्यांच्या मागनं मी, काखंत हलगी. पाटलाचा पुतन्या म्हनला, यादी काढ. गनपा म्हनला, धाकलं पाटील, कसली यादी? मला अक्षर येत न्हाई. पुतन्या म्हनला, नाव घालायला येतं अन अक्षर येत न्हाई? तर गनपा म्हनला, शाळंतलं मास्तर खडूनं काढून देतात, मी त्यावरनं छिन्नी फिरवतो. खरंच हुतं ते. पन मानसं हासली. भाता फाडला, चिमटे फेकले, अन त्याचा उजवा हात धरून ऐरनीवर दाबला, पुतन्यानं त्याचाच हातोडा उचलला. गनपानं माझ्याकडं बघितलं. म्हनला, सख्या, तू दवंडी दिली, तू सांग की यांना.

मला माहीत हुतं. एक शब्द हुता.

हातोडा खाली आला तवा तोंड उघडलं माझं. विकत! विकत घेनार हाय सरकार, मी शब्द गाळला! दवंडीच्या आवाजात वरडलो, भिताडं हालली. समदे थांबले. पन दोन बोटं गेली हुती.

पुतन्या म्हनला, मग सकाळीच का बोलला न्हाईस, भाड्या? अन हातोडा टाकून गेला, जसं काय बोटं मीच फोडली. तसंच हाय म्हना. गनपा रडला न्हाई. फडक्यात हात गुंडाळीत एवढंच म्हनला, सख्या, तुला ठाऊक हुतं? मी फेकलेले चिमटे गोळा कराया लागलो. बाजारच्या दिवशी तीच मानसं आडातनं हंडे काढून शेवगावला विकून आली, अन गनपा बायकापोरं घेऊन गाव सोडून गेला.

आता राज्य आपलं झालंय. मध्यंतरी नगरला गेल्तो, तांबटांच्या गल्लीत दिसला. दुसऱ्याच्या दुकानात भाता वढतो, हातोडा धरवत न्हाई. दुकानामागंच त्याची खोली, मी उंबऱ्याभाईर हुबा ऱ्हायलो. त्यानं बायकोला हाळी दिली. मी वंजळ पुढं केली, आमच्या जातीला पानी वरनंच वततात, आमची सवय तीच. तिनं वरनं वतलं न्हाई, पेला माझ्या हातात दिला, घरातला. पानी प्यालो, पेला इसळून पालथा घातला, अन आलो. माफी मागितली न्हाई, त्यानं मागू दिली न्हाई. देव त्याचा डावा हात तरी शाबूत ठेवो, माझ्या वाटनीचं आवुक्ष त्याला मिळो.