जुळवून बघितल्याशिवाय नाही

—नाही नाही, तसा ताठ नको धरू हात, सैल सोड. आत्ता अशी उभी राहिलीस तर अ‍ॅप्रन काखेत काचेल आणि मग वर्षभर मला शिव्या घालशील. हं, असं. बाही पार मनगटापर्यंत घेते. तुम्हा लॅबवाल्यांना आखूड बाही चालत नाही, दिवसभर लोकांचं रक्त नि थुंकी हाताळायची, एक थेंब उडाला तरी पंचाईत. — अगं, मी कुठली शिकलेली! या रस्त्यावर दुकान टाकल्यापासून निम्मं कॉलेज माझ्या टेपखालून गेलंय, कानावर पडतं तेवढंच. वळ जरा. काय म्हणालीस? मामा हसतो? "डॉक्टर नाही, नर्स नाही, काचेवर रक्त फासायला चार वर्षं" — असं म्हणाला? म्हणू दे. मामा लोकांचं तोंड मोकळंच असतं. त्याला एकदा रक्त चढवायची वेळ आली ना — नको, तसं नको बोलायला, तुझा मामा आहे. पण तुला एक सांगू का? तुमच्याच कॉलेजातल्या पोरीचं आहे. नव्या मुलींना सांगू नये खरं तर, पण तू मामाचं काढलंस म्हणून.

शेवटच्या वर्षाला होती ती. काडीसारखी बारीक, चालताना अ‍ॅप्रनच चाललाय असं वाटायचं — माझ्याकडेच शिवला होता, कितीही आत घेतला तरी सैलच. बाप बस चालवायचा. तर शेवटच्या वर्षाला तुम्हाला हॉस्पिटलात कामाला लावतात ना, तशी तिला ब्लड बँकेत लावली होती. दुपारची वेळ. तिथले सर दुसऱ्या हॉस्पिटलात पिशव्या आणायला गेलेले, ही एकटी. म्हणजे शिकाऊच, पण हात चांगला होता म्हणून सर निर्धास्त. आणि त्या दुपारी खाली एक जखमी आणला. बाजारात मारामारी झाली होती — मारामारी कसली, गाडी लावण्यावरून बाचाबाची. एका बाईची दोन मुलं — थोरला नि धाकटा. भांडण काढलं धाकट्यानं. त्याला लहानपणापासून हात उचलायची घाई. समोरच्यानं सुरा काढला, तसा थोरला मध्ये पडला, सोडवायला, आणि सुरा बसला त्याच्याच मांडीत. रक्त असं की घोट्यापर्यंत ओघळून चप्पल भरली. धाकट्यानं स्वतःचा शर्ट फाडून बांधला, दोन मित्र घेतले, रिक्षात कोंबून आणलं. डॉक्टरनं जखम दाबली, शिवली, म्हणाले, घाबरू नका, रक्त फार गेलंय, दोन पिशव्या चढवू, माणूस उठून बसेल. उठून बसेल, हे शब्द. सगळ्यांनी ऐकलेले.

मान खाली घे, कॉलरचं माप राहिलं.

तर थोरल्याचं थोडं रक्त नळीत भरून वर पाठवलं. आता तुला हे शिकवतीलच — आधी गट बघायचा, मग पिशवीतलं नि पेशंटचं रक्त एकमेकांशी पटतंय का ते जुळवून बघायचं. तिनं गट काढला, ओ निघाला, तसं खाली कळवलं, त्याच्या कागदावर लिहून घ्या म्हणून. फ्रिजमधून ओ गटाच्या दोन पिशव्या काढून टेबलावर घेतल्या, जुळवणी लावली. त्याला वेळ लागतो. आणि धाकट्याला वेळ म्हटलं की आग. भाऊ खाली पांढरा पडत चाललेला आणि वर ही पोरगी नळ्या हलवत बसलीय, एवढंच त्याला दिसलं. आधी खिडकीवर हात आपटला. ती म्हणाली, "दादा, थोडं थांबा, होत आलंय." परत आला. परत तेच. तिसऱ्यांदा आला तो खिडकीची काच फोडूनच. दोघे मित्र मागे, एकाच्या हातात सुरा. "रक्त दे." ती उठून उभी राहिली, म्हणाली, "जुळवून बघितल्याशिवाय नाही देता येत. चुकीचं गेलं तर ते वाचणार नाहीत." आवाज चढवला नाही, हात जोडले नाहीत. — असं कोर्टात आलंय सगळं, म्हणून मला माहीत. एक तारीख चुकवली नाही मी — म्हणजे, जाऊन बसायचे, इथून जवळच आहे.

त्यानं लोखंडी स्टूल उचललं. पहिला फटका खांद्यावर बसला. दुसरा तोंडावर. जबडा मोडला तिचा, इथून, कानाच्या खालून. नळ्या फुटल्या, काचा, रक्त — थोरल्याचंही नि तिचंही. ती पडली खाली आणि यानं फ्रिज उघडला. आता बघ, पोरी. हव्या त्या दोन्ही पिशव्या याच्या हाताजवळ टेबलावर पडलेल्या. थोरल्यासाठीच काढलेल्या. आणि यानं फ्रिजमधून समोरची पहिली उचलली. ती बाळंतपणाच्या वॉर्डातल्या एका बाईसाठी राखलेली. ए गटाची. तिनं त्याचा पाय धरला, दोन्ही हातांनी मिठी मारली पायाला, म्हणायला गेली, ही नाही, ही नाही — पण मोडक्या जबड्यातून शब्द कसा निघणार? नुसता रक्ताचा फेस. यानं लाथ मारली तोंडावर. एक नाही. मित्रानंच शेवटी ओढला त्याला, म्हणाला मरेल ती, चल.

बस तू जरा. पाणी देऊ? पांढरी पडलीस एकदम. — ठीक आहेस? बघ हं.

खाली वॉर्डात सिस्टर होती, मोठी खमकी बाई. तिनं पिशवी बघितली, म्हणाली, "ही कुणाची आणलीत? कागद कुठंय?" मित्रानं सुरा लावला तिच्या गळ्याला, कातडीत टोक रुतलं. दुसरा दार अडवून उभा, डॉक्टर बाहेर. तरी ती नाही म्हणाली. तेव्हा धाकट्यानं तिची बोटं धरली आणि एक उलटं वाकवलं, आवाज झाला मोडल्याचा. मग लावली तिनं. काय करणार? सलाईनची सुई आधीच होती हातात, नुसती नळी बदलायची. रक्त सुरू झालं आणि धाकटा भावाच्या कपाळावरून हात फिरवत म्हणाला, "आणलं बघ मी तुझं रक्त." रडत होता. खोटं नाही रडत होता.

आणि तेवढ्यात ती दारात. कशी आली जिन्यावरून, देवाला माहीत. खालचा जबडा एका बाजूला लोंबतोय, अ‍ॅप्रन पुढून सगळा लाल, एक डोळा बंद. दारातल्याला पण कळेना हिला अडवायचं की धरायचं. त्याच्या हाताखालून आली आणि सरळ कॉटकडे जाऊन नळी मुठीत धरली. आवळून धरली, थेंब बंद. धाकट्यानं तिचे केस धरले, डोकं कॉटच्या गजावर आपटलं. तिनं नळी सोडली नाही. मुठीवर मारलं त्यानं, बुक्कीनं, मग बुटानं, नाही सोडली. त्यांची आई तिथंच होती भिंतीशी, ती ओरडत होती, "अरे, तिला काहीतरी सांगायचंय, बघ तरी!" — तर यानं आईला पण ढकललं. ती पोरगी दुसऱ्या हातानं पिशवीवरचा मोठा ए दाखवायची, मग कॉटच्या पायथ्याच्या कागदावरचा ओ. ए. ओ. परत ए. परत ओ. आईनं वाचलं. आई शिवणकाम करणारी, एवढी अक्षरं तिला येत होती. तिनंच शेवटी सुई उपटून काढली.

पण एक तृतीयांश गेली होती आत.

आधी थंडी भरली त्याला. दात वाजायला लागले, कॉट हलायची. मग लघवी काळपट लाल झाली. मग कंबर. कॉटवर धनुष्यासारखा व्हायचा नि म्हणायचा, "आई, कंबर फुटतेय गं, आई धर मला" — मी धरला, गच्च धरला, पण त्याच्या अंगातच चाललेली मारामारी, ती मी कशी सोडवणार, माझ्या हातातच तो —

हो. माझा. माझेच दोघे. थोरला पण माझा नि धाकटा पण माझाच. सांगायचं नव्हतं तुला. माप घ्यायला आलीस तू.

नको, उठू नकोस, खांद्याचं राहिलंय. — ऐक, आता अर्धवट नको जाऊ. थोरला संध्याकाळी गेला. आणि केस उभी राहिली तर धाकट्याचा वकील काय म्हणतो, शिकाऊ मुलीनं घाबरून चुकीची पिशवी हातात दिली! आणि तुमच्या कॉलेजला काय, शिकाऊवर ढकललं की मोठे सगळे सुटले, तेही गप्प. ती पोरगी, जबड्याचं दुसरं ऑपरेशन झालेलं, परत तारांनी दात बांधलेले घेऊन बसलेली, बाप बाजूला टोपी कुस्करत. सुरावाला मित्र आधीचा जबाब फिरवून बसला होता, सिस्टर म्हणाली मी फक्त खालचं पाहिलं. मग मी उभी राहिले. दिरानं घरी बजावलं होतं, एक गेलाय, दुसऱ्याला तू फासाला देणार का? मी म्हटलं, खोटं बोलून थोरला परत येणार असेल तर सांगा. आणि बोलले. पिशवी माझ्या धाकट्याच्या हातात होती. तो स्वतः म्हणाला होता मी आणलं. ती मुलगी नळी दाबत होती आणि तो तिला मारत होता. माझ्याकडे बघत होता तो पिंजऱ्यातून. शिक्षा झाली. त्या साक्षीच्या दिवशी कोर्टाबाहेर ती पोरगी आली माझ्याजवळ, बांधलेल्या दातांतून कसंबसं म्हणाली, "काकू, दोन्ही पिशव्या जुळल्या होत्या. मी द्यायलाच उठणार होते." एवढंच. माझ्या खांद्याला डोकं लावून रडली, आणि तिचं रडणं म्हणजे, तोंड उघडता येत नाही ना, नाकानंच.

हे काय? मनगटावरचं काळंनिळं? काही नाही, कपाटाचं दार लागलं. — बघतेस काय अशी? बरं, नाही लागलं दार. सुटून आलाय तो. पावसाळ्यापासून इथंच असतो. आत्ता बाहेर गेलाय म्हणून तर बोलतेय. जेवायला वाढलं की ताट बघत बसतो आणि सुरू होतो — तिनं मुद्दाम केलं, ती पिशवी मुद्दाम पुढं ठेवली, तिनं मारलं माझ्या भावाला आणि तू तिच्या बाजूनं बोललीस. मी म्हणते, तुझ्याच हातानं — की धरलाच हात, पिरगाळलाच. त्याला ते खरं मानताच येत नाही गं. मानलं तर त्यानंच भावाला मारलं असं होतं, मग जगायचं कसं? म्हणून तिला शोधतो. तिच्या जुन्या मैत्रिणींच्या घरी जाऊन आलाय. तिच्या बापाच्या बस डेपोत जाऊन आलाय. मी सांगून ठेवलंय, ती परदेशात गेली, लग्न करून गेली, कायमची.

काय? कोण मॅडम? — हनुवटीखाली व्रण आहे, हो. बोलताना तोंड एका बाजूनं उघडतं, हो, हो, तीच! तुम्हाला रक्तगटाचं प्रॅक्टिकल घेते ना? तीच ती. एक वर्ष बुडालं तिचं, पण परत येऊन परीक्षा दिली, पहिली आली, आणि आता तिथंच शिकवते — तुमच्या त्या मागच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, जिन्याला लागून जी खोली. मी जाऊन आलेय ना! डबा घेऊन गेले होते. मला म्हणाली, काकू, मुलींना मी पहिल्याच दिवशी सांगते, घाई करणाऱ्याच्या हातात पिशवी द्यायची नाही, मग तो कोणी का असेना. तुम्हाला पण सांगितलं? बघ! आणि तुझा मामा म्हणतो काचेवर रक्त फासणारी —

थांब.

मागचं दार वाजलं का? — कधी आलास?

नाही, कोण नाही, कॉलेजची मुलगी आहे, अ‍ॅप्रनच्या मापाला आलीय. जेवण झाकून ठेवलंय, जा, बस आत. काय ऐकलंस? काही नाही बोलत होतो आम्ही. कुठलं कॉलेज? तुला काय करायचंय कुठलं — पोरी, पर्स घे तुझी. घे लवकर. पुढच्या दारानं जा. सरळ तिच्याकडे जा आणि म्हणावं खोलीला आतून कडी लाव, पोलिसांना बोलाव, काकूंनी सांगितलंय. पळ. माझ्याकडे बघत नको उभी राहू, पळ म्हणते ना!

तू कुठं निघालास? उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. हो, कात्री आहे. दिसतेय ना? मग बस खाली.